कपाळ तापलेले, पाय गार : मेनिंजायटिस आणि रक्ताभिसरण

मागील अंकात मेनिंजायटिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यावरील आवरणांचा दाह, या आजाराची ओळख करून दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटला : आजार मेंदूच्या आवरणांचा असताना डॉक्टर रक्तदाब, नाडी आणि हृदय यांचीच चिंता का करतात? म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. आरंभी शब्दाविषयी थोडे. आपल्याकडे ‘मेंदूज्वर’ हा शब्द मेनिंजायटिस आणि खुद्द मेंदूला येणारी सूज अशा दोन्ही आजारांसाठी सर्रास वापरला जातो. जपानी मेंदूज्वर हा दुसऱ्या प्रकारातील आहे. गोंधळ टाळण्यासाठी पुढे मेनिंजायटिस हाच शब्द वापरतो.

प्रश्न : माझा पुतण्या १९ वर्षांचा असून वसतिगृहात राहून शिकत होता. एका संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप आला, पहाटेपर्यंत अंगावर जांभळे डाग उठले आणि रुग्णालयात नेले तेव्हा त्याचा रक्तदाब लागत नव्हता. मेनिंजायटिसचे निदान झाले, परंतु अतिदक्षता विभागातील डॉक्टर रोज आम्हाला त्याच्या हृदयाच्या ताकदीविषयीच सांगत असत. आता तो घरी आहे. मेंदूचा आजार हृदयापर्यंत पोहोचला कसा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आजार मेंदूतून हृदयाकडे गेला असे आपण समजत आहात, पण वाट बहुधा उलटी असते. आपण वर्णन केलेले चित्र मेनिंगोकोकस या जिवाणूच्या आजाराचे आहे. हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि घशात काही काळ निमूटपणे राहतो. क्वचित एखाद्याच्या शरीरात तो घशाचे अस्तर ओलांडून रक्तात शिरतो आणि रक्तातून मेंदूच्या आवरणांपर्यंत जातो. म्हणजे मेंदूच्या आधी तो रक्तात आलेला असतो. काही रुग्णांत तो आवरणांवर जाऊन बसतो आणि मेनिंजायटिस होतो, काहींत तो रक्तातच भराभर वाढतो आणि जंतुदोषाचा शॉक होतो, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त पुरेनासे होते, तर काहींत दोन्ही एकाच वेळी घडते. यांपैकी रक्तातील प्रकार अधिक घातक आहे. शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाची मान मऊ असू शकते आणि तपासणीसाठी पाठीतून काढलेले, मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणीही जवळजवळ स्वच्छ असू शकते, कारण आवरणांना सूज येण्याइतका वेळच गेलेला नसतो.

रक्तात वाढताना हा जिवाणू आपल्या बाहेरच्या आवरणाचे सूक्ष्म फुगे सोडत राहतो. त्यांत जे विष असते, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, आणि रक्तातील त्याचे प्रमाण जितके जास्त, तितका आजार गंभीर. हे विष ओळखून शरीर जी प्रतिक्रिया देते, तिचा पहिला आघात रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर होतो. केशवाहिन्या गळू लागतात. रक्तातील पाणी आणि प्रथिने बाहेरच्या पेशीजालात झिरपतात, त्यामुळे एक थेंबही रक्तस्राव न होता वाहिन्यांतील रक्त कमी पडू लागते. त्याच वेळी रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते. लहान वाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यांत रक्तकणिका आणि गोठण्याचे घटक खर्ची पडतात आणि मग इतरत्र त्वचेखाली रक्त साकळते. आपण पाहिलेले जांभळे डाग ते हेच. काही दुर्दैवी रुग्णांत बोटांचा किंवा पायाचा रक्तपुरवठा याच कारणाने कायमचा तुटतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींतही असा रक्तस्राव होऊ शकतो. वॉटरहाउस यांनी १९११ मध्ये आणि फ्रिडेरिक्सेन यांनी १९१८ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि त्या दोघांच्याच नावाने तो ओळखला जातो. रक्तदाब टिकवून धरणारी संप्रेरके याच ग्रंथींतून येतात.

आता हृदयाकडे येऊ. वाहिन्यांत रक्त कमी असताना हृदयाने अधिक जोराने काम करणे अपेक्षित असते, पण नेमक्या त्याच वेळी हृदयाच्या स्नायूची आकुंचनाची शक्ती घटते. दाहाच्या प्रतिक्रियेत तयार होणारी काही प्रथिने, विशेषतः इंटरल्यूकिन-६, हृदयस्नायूला मंदावतात असे दिसून आले आहे. काही रुग्णांत स्नायूचा प्रत्यक्ष दाह, म्हणजे मायोकार्डायटिस, असतो. म्हणून डॉक्टर सलाइन देतात, परंतु केवळ सलाइनवर भागत नाही. थकलेल्या हृदयावर पाण्याचा भार टाकला तर ते फुफ्फुसांत साचते. म्हणून इको करून हृदय किती जोराने आकुंचन पावते ते पाहत राहायचे आणि रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअॅड्रिनॅलिनसारख्या औषधांचे ठिबक कमीजास्त करत राहायचे, अशी ती तारेवरची कसरत असते. अतिदक्षता विभागातील डॉक्टर आपल्याला रोज हृदयाच्या ताकदीविषयी सांगत होते, ते यासाठीच.

ही दुर्बलता बहुसंख्य रुग्णांत काही दिवसांत ते एक-दोन आठवड्यांत ओसरते, हे दिलासा देणारे आहे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. आजार उतरणीला लागल्यावर, साधारण पहिला आठवडा संपता संपता, काहींना पुन्हा ताप येतो, सांधे सुजतात आणि छातीत दुखते, तेही श्वास घेताना अधिक आणि पुढे वाकून बसल्यावर कमी. हा हृदयाच्या बाहेरील आवरणाचा दाह असतो. पुष्कळदा तो जिवाणूचा नसून प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाचा असतो आणि दाह कमी करणाऱ्या औषधांनी बरा होतो. परंतु आवरणात पाणी फार साठले तर हृदय दबते. त्यामुळे अशा दुखण्याला अशक्तपणा समजून अंगावर काढू नये.

प्रश्न : घरी मुलाला ताप आल्यावर ‘मान ताठ आहे का’ एवढेच आम्ही पाहतो. रक्ताभिसरण बिघडू लागल्याचे आईला घरच्या घरी कळू शकते का?
— एक आई, चिपळूण

उत्तर : कळू शकते, आणि मानेच्या आधी कळू शकते. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेनिंगोकोकसचा आजार झालेल्या ४४८ मुलांची लक्षणे तासातासाने मांडली होती. पाय दुखणे, हातपाय गार पडणे आणि त्वचेचा रंग विचित्र दिसणे यांपैकी काहीतरी ७२ टक्के मुलांत आधीच दिसले होते आणि ते सरासरी आठव्या तासाच्या आसपास सुरू झाले होते. पुरळ, ताठ मान, ग्लानी ही आपल्या परिचयाची लक्षणे १३ ते २२ तासांनी आली. ज्या आजारात माणूस एका दिवसात हातचा जाऊ शकतो, त्यात हे अंतर फार मोठे आहे.

याविषयी माझ्या निवासी डॉक्टरकीच्या दिवसांतील एक प्रसंग सांगितला पाहिजे. रात्री अडीचच्या सुमारास एक आई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. ‘कपाळ तव्यासारखं तापलंय, पण पाय गार म्हणून मोजे घातले,’ असे ती म्हणाली. मी मान वाकवून पाहिली, ती मऊ होती. घसा लाल होता. माझे मन निवांत झाले आणि मी तापाचे औषध लिहू लागलो. तेवढ्यात पाळीवरच्या वयस्क सिस्टरनी मुलीच्या पायांतील लोकरीचे मोजे काढले. घोट्याच्या आतल्या बाजूला मसुरीच्या डाळीएवढे दोन डाळिंबी ठिपके होते आणि अंगठा दाबून सोडल्यावर तो पांढराच राहिला होता. त्याच सिस्टरनी न विचारता सलाइनची तयारी केली. मुलगी वाचली. त्या रात्रीपासून तापाच्या रुग्णाचे मोजे काढल्याशिवाय मी तपासणी पुरी झाली असे मानत नाही.

घरी करता येण्यासारख्या गोष्टी सोप्या आहेत. कपाळ आणि पोट कढत असताना तळहात-तळपाय गार आहेत का ते पाहावे. थंडी वाजून ताप चढताना थोडा वेळ असे होऊ शकते, पण ताप चढून स्थिरावल्यावरही पाय गारच राहिले तर ती काळजीची गोष्ट आहे. मुलाच्या छातीच्या हाडावर किंवा बोटाच्या नखावर पाच सेकंद दाबून सोडावे. पांढरा झालेला भाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. अंगावर डाग असतील तर काचेच्या साध्या पेल्याची बाजू त्यावर दाबावी आणि काचेतून पाहावे. पेला दाबूनही डाग दिसतच राहिला तर त्वचेखाली रक्त साकळले आहे असे समजावे. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर हे डाग सहज लपतात, म्हणून तळपाय, तळहात, पापण्यांची आतील बाजू आणि तोंडातील टाळू पाहावी.

पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या भागात डेंग्यूतही असे ठिपके आणि असा शॉक दिसतो. यातील कोणता आजार आहे हे घरी ठरवत बसू नये. दोन्हींत वाट रुग्णालयाचीच आहे, तीही त्याच घटकेला. निदान होईपर्यंत आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन देऊ नये, तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. मात्र ताप उतरला म्हणजे धोका टळला असे समजू नये. पाय गार असतील तर ते गारच राहतील.

प्रश्न : वडिलांना मेनिंजायटिस झाला तेव्हा त्यांचा रक्तदाब १९० पर्यंत गेला होता आणि नाडी ५० च्या खाली आली होती. ते उच्च रक्तदाबाचे जुने रुग्ण आहेत. आम्ही वारंवार विनवूनही डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली नाही. हा हलगर्जीपणा नव्हता का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला राग मी समजू शकतो, परंतु आपण दिलेल्या आकड्यांवरून मला तो योग्य निर्णय वाटतो. कवटी हाडाची बंद पेटी आहे. आत सूज वाढली, पाण्याची वाट अडली की दाब वाढतो आणि मेंदूपर्यंत रक्त चढेनासे होते. अशा वेळी मेंदू शरीराला रक्तदाब वाढवायला लावतो, म्हणजे त्या दाबावर मात करून रक्त वर पोहोचावे. वाढलेल्या रक्तदाबाची जाणीव मानेतील धमन्यांना होते आणि त्या नाडी मंदावतात. रक्तदाब चढता, नाडी मंद आणि श्वास अनियमित या त्रयीचा अभ्यास हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी केला आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या क्षणी वाढलेला रक्तदाब हा मेंदूचा शेवटचा आधार असतो. तो गोळीने खाली खेचला तर मेंदू उपाशी राहतो. उपाय कवटीतील दाब कमी करण्याचा करायचा असतो. डोके थोडे उंच ठेवणे, मॅनिटॉलसारखे औषध, गरजेप्रमाणे कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि पाणी तुंबले असल्यास शस्त्रक्रिया, असे ते उपाय आहेत.

डॉक्टरांनी हे आपल्याला दोन वाक्यांत समजावून सांगायला हवे होते, आणि सांगितले नसेल तर आपली तक्रार त्यापुरती रास्त आहे.

याच संदर्भात आणखी एक. मेंदूवर असा तीव्र ताण आला की अॅड्रिनॅलिन वर्गातील रसायनांचा रक्तात लोंढा येतो आणि त्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता बधिर होऊ शकतो. ईसीजी हार्ट अॅटॅकसारखा दिसतो, पण हृदयाच्या धमन्या मोकळ्या असतात. याच्या एका प्रकारात हृदयाचे टोक फुग्यासारखे फुगते. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याला अष्टपाद पकडण्याच्या सुरईवरून ‘ताकोत्सुबो’ असे नाव दिले. मेनिंजायटिसच्या रुग्णात हे फार वेळा दिसत नाही, पण दिसले तर घाबरून जाऊ नये. योग्य आधार मिळाल्यास हृदय बहुधा पूर्ववत होते.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाच्या हृदयाची झडप दहा वर्षांपूर्वी बदलली आहे आणि रक्त पातळ होण्याची गोळी सुरू आहे. त्यांना न्यूमोनिया आणि पाठोपाठ मेनिंजायटिस झाला. पाठीतून पाणी काढणे डॉक्टरांनी लांबणीवर टाकले आणि अन्ननलिकेतून नळी घालून इको केला. हे आवश्यक होते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होय, दोन्ही आवश्यक होते. येथे हृदय हा आजाराचा बळी नसून उगम असू शकतो. खराब किंवा कृत्रिम झडपेवर जिवाणूंचे थर साचतात, त्यांचे कण तुटून रक्ताबरोबर मेंदूकडे जातात आणि तेथे मेनिंजायटिस, गळू किंवा पक्षाघात होतो. न्यूमोकोकस या जिवाणूमुळे न्यूमोनिया, मेनिंजायटिस आणि झडपेचा दाह हे तीनही एकाच रुग्णात आढळतात, तेव्हा त्याला अमेरिकी वैद्य रॉबर्ट ऑस्ट्रियन यांचे नाव देतात. त्यांनी त्याचे वर्णन १९५७ मध्ये केले. हा प्रकार विरळा आहे, पण त्यात महाधमनीच्या मुखाशी असलेली झडप झपाट्याने फाटू शकते आणि तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येते, त्यामुळे तो नजरेआड होऊन चालत नाही. छातीवरून केलेल्या इकोत कृत्रिम झडप नीट दिसत नाही, म्हणून नळीतून. रक्त पातळ असताना पाठीत सुई घातली तर मज्जारज्जूभोवती रक्त साकळू शकते, म्हणून सुई लांबवली. प्रतिजैविक मात्र त्यासाठी थांबवायचे नसते. रक्ताचा नमुना घेऊन पहिला डोस लगेच द्यायचा असतो आणि तसे झाले असेल तर उपचार योग्य दिशेने झाले आहेत.

प्रश्न : बहिणीला टीबीचा मेनिंजायटिस आहे. औषधे सुरू होऊन तीन आठवडे झाले असताना तिची उजवी बाजू लुळी पडली. औषधे चुकीची होती का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : बहुधा नाही. क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये मेंदूच्या तळाशी चिकट, घट्ट स्राव साचतो आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या नेमक्या तेथूनच जातात. त्या स्रावात बुडालेल्या धमनीची भिंत सुजते, आतले अस्तर जाड होते आणि मार्ग अरुंद होत जातो. तिच्यापासून मेंदूच्या गाभ्यात शिरणाऱ्या केसासारख्या शाखा आधी बंद पडतात. त्या गाभ्यातूनच हातापायांना आज्ञा नेणारे तंतू खाली उतरतात, त्यामुळे लहानशा जागेतील इजेनेही अर्धे अंग जाते. जंतू मरू लागल्यावरही दाह लगेच शमत नाही, म्हणून योग्य औषधे चालू असताना पक्षाघात झाल्याची उदाहरणे आम्हाला दुर्दैवाने नेहमी दिसतात. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने मृत्यू कमी झाले, परंतु वाचलेल्यांतील अपंगत्व कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. तरीही स्टिरॉइड सांगितलेल्या क्रमानेच कमी करायचे असते. ते मनाने बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो.

या आजारात रक्तातील सोडियम कमी होणे फार वेळा आढळते, आणि त्याचाही रक्ताभिसरणाशी संबंध आहे. काही रुग्णांत शरीर पाणी धरून ठेवते, तर काहींत मूत्रपिंडांतून मीठ आणि पाणी दोन्ही वाहून जातात. पहिल्यात पाणी कमी द्यायचे, दुसऱ्यात सलाइन भरून काढायचे. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाचे पाणी चुकून तोडले तर रक्ताचे प्रमाण घटते आणि आधीच अरुंद झालेल्या धमन्यांतून मेंदूला रक्त पोहोचत नाही. म्हणून लघवीचे माप नर्सने लिहायला सांगितले की ते काटेकोर लिहावे. घरच्यांना ते क्षुल्लक वाटते, डॉक्टरांचा निर्णय त्याच आकड्यावर होतो.

उपचार किमान नऊ महिने आणि बहुधा वर्षभर चालतात. त्यातील रिफाम्पिसिनमुळे रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम पुष्कळ घटतो, तेव्हा बहिणीला अशी गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

प्रश्न : मेनिंजायटिसमधून उठून दोन महिने झाले. जिना चढताना छाती धडधडते. हृदय कायमचे बिघडले असेल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : शक्यता कमी आहे. आठवडेच्या आठवडे अंथरुणात गेल्यावर स्नायू आणि रक्ताभिसरण दोन्हींची सवय मोडते, त्यात हिमोग्लोबिनही उतरलेले असते. एकदा ईसीजी, हिमोग्लोबिन आणि उभे राहिल्यावरचा रक्तदाब पाहून घ्यावा. पायांवर सूज, रात्री आडवे पडल्यावर दम लागणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काही असेल तर इको लांबवू नये.

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी अमेरिकेला जात आहे. विद्यापीठाने मेनिंगोकोकसची लस मागितली आहे. तिला लहानपणी सर्व लसी दिल्या असताना ही वेगळी लस का?
— एक पालक, डोंबिवली

उत्तर : आपल्या राष्ट्रीय लसीकरणातील पेंटाव्हॅलंट लसीत मेनिंजायटिस करणाऱ्या हिब जिवाणूचा समावेश आहे, न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर दिली जाते आणि जन्मतः दिलेली बीसीजी लहान मुलांना टीबीच्या मेनिंजायटिसपासून बरेच संरक्षण देते. मेनिंगोकोकसची लस मात्र या यादीत नाही. ती आपल्याकडे हज यात्रेकरूंना, प्लीहा काढलेल्या किंवा काही विशिष्ट आजार असलेल्या व्यक्तींना आणि परदेशी वसतिगृहात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना दिली जाते. याच जिवाणूवरच्या लसीत पुण्याचा वाटा मोठा आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या ज्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या साथी येत, तेथे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली, या जिवाणूच्या ‘अ’ गटावरची लस २०१० मध्ये बुर्किना फासोपासून देण्यास सुरुवात झाली आणि त्या गटाच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या. तिच्या पुढची, पाच गटांवरची लस २०२४ मध्ये नायजेरियात प्रथम वापरात आली.

आपल्या मुलीला चार गटांवरची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे द्यावी. तिच्यात ‘ब’ गट नसतो, त्याची लस वेगळी आहे आणि ती तिकडे गेल्यावर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात विचारून घेता येते. तिला एक गोष्ट निघण्याआधी अवश्य सांगून ठेवावी. खोलीत एकटी असताना ताप आला, पाय दुखू लागले आणि हातपाय गार पडले तर गोळी घेऊन दार लावून झोपू नये. शेजारच्या मुलीला उठवावे आणि तिच्यासोबत त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. डाग उठण्याची वाट पाहू नये. बोलणे असंबद्ध होऊ लागले तर त्या मुलीनेच रुग्णवाहिका बोलवायची आहे, हेही तिला आधीच सांगावे. आणि मुलीच्या कोणा निकटच्या मैत्रिणीला हा आजार झाला, तर लस घेतलेली असली तरी प्रतिबंधक प्रतिजैविक त्याच दिवशी मागून घ्यावे.